मक्याच्या दाण्यावरील ठिपके

आपला भंडारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत, पावसाळ्यांत जिकडे पाहावें तिकडे पाण्यानें भरलेल्या बांध्या दृष्टीस पडतात. मक्याला ह्या राज्यांत मानाची गादी नाहीं. त्याची जागा बहुधा घरामागील वाडींत, कुंपणाच्या कडेला. श्रावण-भाद्रपदांत चार कणसें निखाऱ्यावर भाजून खावीं, आणि पुढील सालच्या बियाण्यासाठीं एक-दोन भरदार कणसें घरांत टांगून ठेवावीं, एवढाच पुष्कळ घरांत त्याचा आणि आपला संबंध. परंतु ह्याच साध्या धान्यानें विसाव्या शतकांतील जीवशास्त्राला असा एक धडा शिकविला कीं, तो पुरता उमजण्यास विद्वानांना सुमारें तीस वर्षें लागलीं. आनुवंशिकतेचा हा धडा मक्याच्या दाण्यावर रंगीत ठिपक्यांनीं लिहिलेला आहे. तो कसा वाचावयाचा, हें ह्या लेखांत पाहावयाचें आहे.

प्रथम कणसाची रचना ध्यानांत घेऊं. कणसावरील प्रत्येक दाणा हें एक स्वतंत्र अपत्य असतें. कणसाच्या टोकांतून बाहेर लोंबणाऱ्या रेशमासारख्या केंसांपैकीं प्रत्येक केंस एकेका दाण्याशीं जोडलेला असतो. झाडाच्या शेंड्यावर जो तुरा येतो, त्यांतील परागकण वाऱ्यानें उडून ह्या केंसावर पडला, म्हणजे त्या केंसाच्या मुळाशीं असलेला दाणा भरूं लागतो. म्हणून एकाच कणसावरील दाण्यांची आई एक असली, तरी बाप निरनिराळे असूं शकतात. शेजाऱ्याच्या वाडींतील पिवळ्या मक्याचे पराग आपल्या पांढऱ्या मक्यावर आले, तर पांढऱ्या कणसांत मधूनमधून पिवळे दाणे दिसतात. ह्यांत नवल कांहीं नाहीं. दाण्यादाण्यांत जो फरक पडला, तो बापाच्या वारशामुळें पडला; प्रत्येक दाणा आपल्या ठिकाणीं एकरंगीच आहे.

परंतु मक्याच्या कांहीं वाणांत याहून विलक्षण दृश्य आढळतें. दाणा मूळचा फिकट, आणि त्याच्या अंगावर जांभळे ठिपके शिंपडल्यासारखे. एखाद्यावर मोहरीएवढे ठसठशीत, एखाद्यावर सुईच्या अग्रानें टोंचल्यासारखे बारीक. मक्याची जन्मभूमि जी अमेरिका, तेथील मूळच्या रहिवाशांनीं असे रंगीत मके शतकानुशतकें जपलेले आहेत. आपल्या देशांतही ईशान्येकडील डोंगराळ मुलुखांत रंगीत दाण्यांचे मके पिकतात. हे ठिपके बुरशीचे नव्हत कीं किडीचे नव्हत. दाणा भिजवून त्याची पातळ साल सोलली, तरी ते जात नाहींत. कारण हा रंग सालीच्या खालीं, अवघ्या एका पेशीइतक्या जाडीच्या थरांत असतो.

आतां कोडें असें आहे. ह्या थरांतील सर्व पेशी एकाच मूळ पेशीच्या विभागणीनें झालेल्या असतात. सर्वांचे आईबाप तेच, सर्वांचा वारसा तोच. मग एक पेशी जांभळी आणि तिला चिकटून असलेली दुसरी कोरी, असें कां व्हावें? बापाच्या वारशाचें उत्तर येथें चालणार नाहीं. जें कांहीं घडलें, तें दाणा भरत असतांना, त्या दाण्याच्या अंगांतच घडलें असलें पाहिजे.

पुढें जाण्यापूर्वीं जनुक म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगतों. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस तें ठाऊक आहे. पालकांच्या सोयीसाठीं पुन्हां सांगणें बरें. सजीवाच्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकांत गुणसूत्रें नांवाचे सूक्ष्म धागे असतात. मक्यांत त्यांच्या दहा जोड्या आहेत. हे धागे मुख्यतः डीएनए नांवाच्या द्रव्याचे असून त्यांवर केवळ चार अक्षरांची एक अतिशय लांब लिपि लिहिलेली असते. ह्या लिपींतील एक अर्थपूर्ण उतारा म्हणजे एक जनुक. पेशी तो उतारा वाचते, त्याची आरएनए नांवाची नक्कल काढते, आणि बहुतेक वेळां त्या नकलेबरहुकूम एखादें प्रथिन तयार करते. ह्या क्रियेला जनुकाची अभिव्यक्ति म्हणतात.

येथें एक भेद नीट लक्षांत ठेवावा. जनुक जवळ असणें निराळें आणि तें व्यक्त होणें निराळें. धानाच्या रोपाच्या मुळांत आणि पानांत जनुकें तींच असतात. परंतु हिरवा रंग पानांत प्रगट होतो, जमिनींतील मुळांत होत नाहीं. घरांत पेटीभर ग्रंथ आहेत, एवढ्यानें कोणी पंडित होत नाहीं. कोणता ग्रंथ केव्हां उघडला जातो, ह्यावर सर्व अवलंबून असतें. वारशांत काय मिळालें, हा आनुवंशिकतेचा पहिला प्रश्न. मिळालेल्यांतलें काय, केव्हां आणि कोठें व्यक्त होतें, हा दुसरा. मक्याच्या ठिपक्यांनीं विद्वानांचें लक्ष ह्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळविलें.

हें काम ज्या विदुषीनें केलें, तिचें नांव बार्बरा मॅक्लिन्टॉक. तिचा जन्म १९०२ सालीं अमेरिकेंतील हार्टफर्ड ह्या गांवीं झाला. कॉर्नेल विद्यापीठांत असतांनाच, मक्याचीं दहाही गुणसूत्रें सूक्ष्मदर्शकाखालीं एकेक ओळखावीं कशीं, हें तिनें दाखवून दिलें. १९३१ सालीं हॅरिएट क्रायटन ह्या विद्यार्थिनीसमवेत तिनें सिद्ध केलें कीं, दोन गुणसूत्रें आपल्या तुकड्यांची अदलाबदल करतात, तेव्हां त्या तुकड्यांबरोबर गुणांचीही अदलाबदल होते. पुढें ती न्यूयॉर्क शहराजवळील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील संशोधन-संस्थेंत गेली. मक्याचें एक लहानसें शेत, एक सूक्ष्मदर्शक आणि नोंदींचे कागद, एवढाच तिचा संसार होता.

मक्याची पैदास करून संशोधन करणें म्हणजे काय, ह्याची कल्पना शेतकऱ्याच्या मुलांना चटकन् येईल. वाऱ्यानें भलतेच पराग येऊं नयेत, म्हणून प्रत्येक झाडाचा तुरा आणि प्रत्येक कणीस पिशवीनें झांकावें लागतें. नंतर कोणत्या झाडाचे पराग कोणत्या कणसावर घातले, ह्याची चिठ्ठी बांधावी लागते. कणीस तयार झालें, कीं एकेक दाणा तपासून टिपण करावयाचें, आणि पुढचा प्रश्न विचारण्यासाठीं पुढच्या हंगामाची वाट पाहावयाची. एका प्रश्नाला एक हंगाम, असा हा हिशेब.

१९४४ च्या सुमारास मॅक्लिन्टॉक ज्या झाडांचा अभ्यास करीत होती, त्यांतील कांहींचें नववें गुणसूत्र पुन्हां पुन्हां तुटत असे, आणि तेंही नेमक्या एकाच जागीं. त्या जागेला तिनें डिसोसिएशन, म्हणजे वियोजक, असें नांव दिलें. पुढें तिला दिसून आलें कीं, हा वियोजक स्वतःच्या बळावर कांहीं करीत नाहीं. त्याच पेशींत दुसरा एक घटक असेल, तरच गुणसूत्र तुटतें. त्या दुसऱ्याचें नांव तिनें ॲक्टिव्हेटर, म्हणजे प्रेरक, असें ठेवलें. इतक्यावर गोष्ट थांबली असती, तरी ती महत्त्वाची ठरली असती. परंतु १९४८ च्या सुमारास तिच्या ध्यानांत आलें कीं, कांहीं झाडांत वियोजकाची जागा पूर्वींची राहिलेली नाहीं. तो गुणसूत्रावरील एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणीं जाऊन बसला आहे.

ही कल्पना त्या काळीं किती धाडसाची होती, हें समजून घेतलें पाहिजे. माळेंतील मण्यांप्रमाणें जनुकें गुणसूत्रावर आपापल्या जागीं ओवलेलीं असतात; मण्यांचा क्रम बदलत नाहीं, आणि म्हणूनच त्यांचा नकाशा काढतां येतो, असें सर्व विद्वान् मानीत. त्या नकाशाचे कांहीं भाग मॅक्लिन्टॉकनेंच काढलेले होते. तीच आतां म्हणूं लागली कीं, माळेंतले कांहीं मणी स्वतः जागा सोडून फिरतात, आणि जेथें जाऊन बसतात तेथील जनुकाचें काम बदलून टाकतात.

अशा फिरत्या तुकड्यांना आज शास्त्रज्ञ ट्रान्सपोझेबल एलिमेंट म्हणतात. आपण त्यांना चल घटक म्हणूं. आतां ठिपक्यांचें कोडें सोडवूं.

दाण्याला जांभळा रंग येण्यासाठीं अनेक जनुकें एकत्र राबावीं लागतात. त्यांतील एकाचें नांव ‘सी’. हें एक जरी निकामी झालें, तरी दाणा कोरा राहतो. एखाद्या पोथीच्या ओळीवर कोणी कागदाची चिठ्ठी चिकटवावी आणि त्यामुळें वाचणाऱ्याला ती ओळ लागूं नये, त्याप्रमाणें वियोजक हा ‘सी’ जनुकाच्या मध्यें येऊन बसला, कीं पेशीला तो उतारा नीट वाचतां येत नाहीं. जनुक आहे, परंतु व्यक्त होत नाहीं. आतां त्याच दाण्यांत प्रेरकही असला, तर भरत असलेल्या दाण्याच्या एखाद्या पेशींत वियोजक जागा सोडून निघून जातो. चिठ्ठी निघाली, ओळ वाचतां येऊं लागली; ती पेशी जांभळी झाली. तिच्या लेकी, नाती, पणत्या, सर्व जांभळ्या झाल्या. हा जो तिच्या वंशाचा समुदाय, तोच आपल्याला दिसणारा ठिपका होय.

यावरून ठिपक्याच्या आकाराचाही उलगडा होतो. दाण्याच्या वाढींत उडी लवकर पडली, तर त्या पेशीला पुष्कळ संतति होण्यास अवधि मिळतो आणि ठिपका मोठा होतो. उडी उशिरां पडली, तर संतति थोडी आणि ठिपका बारीक. ठिपक्यांची संख्या पाहून उड्या किती पडल्या हें कळतें, आणि त्यांचा आकार पाहून त्या केव्हां पडल्या हें कळतें. दाण्याच्या पाठीवर त्याच्या स्वतःच्या बालपणाची रोजनिशीच लिहिलेली असते म्हणा ना.

गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांसाठीं येथें आणखी एक मौज आहे. दाण्याच्या ज्या भागांत हा रंगाचा थर असतो, त्या भागाला आईकडून वारशाचे दोन वांटे आणि बापाकडून एक वांटा मिळतो. म्हणजे तेथें प्रेरकाचे एक, दोन किंवा तीन वांटे असूं शकतात. कोणीही म्हणेल कीं, प्रेरक जितके अधिक तितक्या उड्या लवकर पडाव्यात. मॅक्लिन्टॉकला आढळलें तें याच्या उलट. प्रेरकाचे वांटे वाढले, तर उड्या उशिरां पडतात आणि ठिपके बारीक होतात. त्यामुळें प्रेरक आईकडून आला असतां ठिपके बारीक, आणि तोच बापाकडून आला असतां मोठे, असा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो.

प्रेरक आणि वियोजक ह्यांचें नातें पुढें डीएनएची लिपि वाचतां येऊं लागल्यावर स्पष्ट झालें. प्रेरक हा ४,५६५ अक्षरांचा एक तुकडा आहे. त्याला तोडून दुसरीकडे नेणारें प्रथिन तयार करण्याची कृति त्याच्या स्वतःच्याच अंगावर लिहिलेली असते. वियोजक हा बहुधा प्रेरकाचाच मोडका भाऊबंद असतो. त्याच्या दोन्ही टोंकांचे कांठ शाबूत असतात, पण मधली कृति गहाळ झालेली असते. एकाजवळ कात्री आणि कांठ दोन्ही आहेत. दुसऱ्याजवळ नुसते कांठ आहेत. म्हणून तो परक्या कात्रीची वाट पाहत बसतो.

मॅक्लिन्टॉकनें आपलें म्हणणें १९५० सालीं निबंधरूपानें प्रसिद्ध केलें आणि १९५१ सालीं कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील परिषदेंत विद्वानांपुढें मांडलें. ती ह्या घटकांना नियंत्रक घटक म्हणे. कारण ते उड्या मारतात, ह्यापेक्षां ते दुसऱ्या जनुकांना गप्प बसवितात किंवा बोलतें करतात, ही गोष्ट तिला अधिक मोलाची वाटे. श्रोत्यांपैकीं बहुतेकांना तें विवेचन उमगलें नाहीं, आणि ज्यांना थोडेंफार उमगलें, त्यांतील पुष्कळांना तें पटलें नाहीं. ती कोणी अनोळखी व्यक्ति होती, असेंही नाहीं. १९४४ सालीं ती अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीची सदस्य निवडली गेली होती, आणि १९४५ सालीं तेथील आनुवंशिकीशास्त्राच्या संस्थेची अध्यक्ष होती. तिच्या विद्वत्तेबद्दल कोणालाही शंका नव्हती. तरीही तिचें म्हणणें स्वीकारलें गेलें नाहीं. १९५३ नंतर तिनें ह्या विषयावर मोठे निबंध प्रसिद्ध करणें बहुतांशीं थांबविलें. शेत मात्र थांबलें नाहीं. दरसाल पेरणी, दरसाल टिपणें, आणि संस्थेच्या वार्षिक अहवालांत त्यांचा सारांश, असा क्रम चालूच राहिला.

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सूक्ष्म जंतूंमध्यें असेच फिरते तुकडे सांपडले. मग ते यीस्टमध्यें, माश्यांमध्यें आणि माणसामध्येंही सांपडले. तेव्हां विद्वान् मागें वळून मक्याकडे पाहूं लागले. १९८३ सालीं मॅक्लिन्टॉकला वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक कोणाहीबरोबर वांटून न देतां एकटीला देण्यांत आलें. त्या वेळीं तिचें वय ८१ वर्षांचें होतें. १९९२ सालीं ती निवर्तली.

तिच्या पश्चात् ह्या विषयाचा जो विस्तार झाला, तो तिच्या धाडसालाही मागें टाकणारा आहे. २००९ सालीं मक्याच्या एका वाणाची संपूर्ण लिपि वाचून झाली. ती सुमारें २३० कोटी अक्षरांची भरली. तींत जनुकें सांपडलीं सुमारें ३२,०००. परंतु ह्या प्रचंड ग्रंथाचा शेकडा ८५ च्या आसपास भाग निरनिराळ्या चल घटकांनींच व्यापलेला आहे, असें आढळून आलें. म्हणजे जनुकें हीं ह्या समुद्रांतलीं बेटें होत. मक्यांतले बहुतेक चल घटक प्रेरकासारखे जागा सोडून जाणारे नाहींत. ते स्वतः जागेवर राहून आपली नक्कल दुसरीकडे पाठवितात, म्हणून त्यांची संख्या वाढत गेली. मनुष्याच्या लिपींतही असल्या तुकड्यांचा वांटा निम्म्याच्या जवळपास आहे.

इतके उपद्व्यापी घटक अंगांत असतांना मका जगतो कसा, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर असें कीं, पेशी त्यांना झोपवून ठेवते. डीएनएच्या अक्षरांवर मेथिल नांवाची एक लहानशी रासायनिक खूण चिकटविली जाते. जेथें ह्या खुणा दाट असतात, तो भाग सहसा वाचला जात नाहीं. कोणत्या तुकड्यावर खूण करावयाची, हें ओळखण्याच्या कामीं आरएनएचे बारीक तुकडे पेशीला साहाय्य करतात. मॅक्लिन्टॉकनेंही आपल्या शेतांत पाहिलें होतें कीं, कांहीं घटक पिढी-दोन पिढ्या गप्प होतात आणि पुन्हां जागे होतात. त्या वेळीं खुणांचें हें रसायन कोणाला ठाऊक नव्हतें. ठिपके नाहींसे झाले आणि परत आले, एवढेंच दाण्यांवर दिसत होतें.

झोपलेला पाहुणाही घरांतली जागा अडवितो, आणि शेजारच्या खोलींतील व्यवहार त्यामुळें बदलतो. चल घटकांचें असेंच आहे. ज्या जनुकाच्या शेजारीं ते बसतात, त्याचा आवाज कधीं मंदावतो, कधीं वाढतो. ह्याचीं तीन उदाहरणें शेतकऱ्याच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखीं आहेत.

पहिलें उदाहरण मक्याच्या जन्माचें. मक्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे नांवाचें एक गवत आहे. त्याला पुष्कळ फुटवे आणि फांद्या येतात, आणि बोटभर कणसांत थोडेसे कठीण दाणे असतात. सुमारें ९,००० वर्षांपूर्वीं मेक्सिकोंतील बाल्सास नदीच्या खोऱ्यांत लोकांनीं ह्या गवतांतून निवड करीत करीत मका घडविला. मक्याला एकच सरळ खोड कां, ह्याचा शोध घेतां एक जनुक सांपडलें. तें फांद्यांना आवर घालतें, आणि रानटी गवतापेक्षां मक्यांत तें अधिक जोरानें व्यक्त होतें. ह्याचें कारण २०११ सालीं कळलें. त्या जनुकापासून सुमारें ६०,००० अक्षरें दूर एक चल घटक येऊन बसला आहे, आणि त्याच्या योगानें त्या जनुकाची अभिव्यक्ति वाढते. हा घटक मका घडण्याच्या कितीतरी आधीं रानटी गवतांत शिरलेला होता. पण सरळ खोडाचें तें वेगळें झाड निवडून त्याचें बी राखणारा डोळा शेतकऱ्याचा होता.

दुसरें उदाहरण पाण्याच्या ताणाचें. पावसानें मध्येंच दडी मारली म्हणजे काय होतें, हें आपल्याकडे कोणाला सांगावयास नको. २०१५ सालीं चीनमधील संशोधकांनीं दाखविलें कीं, मक्याच्या एका विशिष्ट जनुकाच्या आरंभाजवळ अवघ्या ८२ अक्षरांचा एक चल तुकडा ज्या वाणांत बसलेला आहे, त्यांत तें जनुक दबून राहतें आणि कोंवळीं रोपें दुष्काळांत लवकर मान टाकतात. ज्या वाणांत तो तुकडा नाहीं, त्यांचीं रोपें अधिक तग धरतात. जनुक दोहोंकडे आहे. एकाकडे तें मोकळेपणानें बोलतें, दुसऱ्याकडे त्याचा आवाज दबलेला आहे.

तिसरें उदाहरण आपल्या धानाचें. धानाच्या कांहीं जपानी वाणांत ४३० अक्षरांचा एक चल घटक आजही जागा आहे. त्याचा शोध २००३ सालीं लागला. हा घटक कांहीं जनुकांच्या शेजारीं जाऊन बसला असतां तीं जनुकें थंडी किंवा खारेपणा ह्यांस प्रतिसाद देऊं लागतात, असें २००९ सालीं आढळून आलें. म्हणजे चल घटक सर्वदा हानीच करतो, असें म्हणतां येत नाहीं. तो कोठें बसतो, ह्यावर लाभ किंवा हानि ठरते. बहुतेक उड्या निरर्थक किंवा नुकसानीच्या असतात, आणि क्वचित् एखादी उपयोगी पडते.

शाळेच्या पुस्तकांतून ज्याचें नांव प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे, त्या ग्रेगर मेंडेलच्या वाटाण्यांतही हाच पाहुणा लपलेला होता. गोल आणि सुरकुतलेले वाटाणे मोजून मेंडेलनें आपले नियम बसविले आणि १८६६ सालीं ते प्रसिद्ध केले. वाटाणा सुरकुततो कां, हें १९९० सालीं समजलें. पिष्ट तयार करण्याच्या कामांतील एका जनुकांत सुमारें ८०० अक्षरांचा तुकडा शिरलेला आहे, आणि तो मक्याच्या प्रेरक-वियोजकांच्या कुळांतला दिसतो. मेंडेलच्या नियमांना ह्यामुळें बाध येत नाहीं. त्याच्या सुरकुतलेल्या वाटाण्यामागील कारण मात्र सव्वाशें वर्षांनीं उघड झालें.

आतां विद्यार्थी म्हणतील, आमच्या बाजारांत तर पिवळा किंवा पांढराच मका येतो. जांभळ्या ठिपक्यांचा दाणा आम्हीं कोठून आणावा? त्यांनीं संध्याकाळीं अंगणांतल्या गुलबक्षीकडे जावें. मक्याप्रमाणें गुलबक्षीही अमेरिकेंतूनच आपल्याकडे आलेली आहे. तिच्या कांहीं झाडांवर पिवळ्या फुलांत लाल शिंतोडे आणि पट्टे दिसतात. अशा फुलांचा तपास जपानी शास्त्रज्ञांनीं केला, तेव्हां तेथेंही लाल रंगाच्या एका जनुकांत चल घटक बसलेला निघाला. तो जेथून निघून जातो, तेथें लाल रंग उमटतो.

सुटींत करण्याजोगा एक अभ्यास सुचवितों. ह्याला पैसा लागत नाहीं. एक वही आणि नेमाची संवय पुरे. शिंतोड्यांच्या फुलांचें एक झाड निवडावें आणि त्याच्या फांद्यांना दोऱ्याच्या खुणा बांधाव्या. पंधरा दिवस रोज संध्याकाळीं प्रत्येक फांदीवरील फुलें मोजावीं आणि चार रकान्यांत लिहावीं: संपूर्ण पिवळीं, बारीक शिंतोड्यांचीं, रुंद पट्ट्यांचीं अथवा अर्धीं लाल, आणि संपूर्ण लाल. मग स्वतःला विचारावें: बारीक शिंतोडे अधिक कीं रुंद पट्टे? त्यावरून बहुतेक उड्या लवकर पडतात कीं उशिरां? एखाद्या फांदीवर लाल फुलेंच येत असतील, तर उडी फूल होण्यापूर्वीं, त्या फांदीच्या कोंवळेपणींच पडली असेल काय? अशा फांदीवरच्या फुलाचें बी निराळें राखून पुढील पावसाळ्यांत पेरावें आणि काय होतें तें पाहावें. उत्तर पुस्तकांत शोधण्याची घाई करूं नये.

पालकांसही एक विनंति आहे. बियाणें निवडतांना वेगळा दिसणारा दाणा किंवा लोंबी आपण बाजूला काढतों, आणि तें योग्यच आहे. शुद्ध बियाण्यावांचून पीक एकसारखें येत नाहीं. परंतु बाजूला काढलेलें फेकून देण्यापूर्वीं तें क्षणभर मुलांच्या हातीं द्यावें. त्यांना विचारूं द्यावें कीं, हा फरक शेजारच्या परागामुळें पडला, रोगामुळें पडला, कीं दाण्याच्या अंगांतच कांहीं घडलें? शक्य असल्यास चार दाणे चिठ्ठी लावून निराळे ठेवावे. आपल्या जिल्ह्यांत जुन्या वाणांचें जें बी अजून कोणाकोणाच्या घरीं जपलेलें आहे, त्यांत कोणत्या जनुकाशेजारीं कोणता घटक बसला आहे आणि पावसाच्या ओढीच्या वर्षीं त्याचा काय उपयोग होईल, हें वरून पाहून कोणालाही सांगतां यावयाचें नाहीं. बी नष्ट झालें, तर तें शोधण्याची संधीही नष्ट होते.

ठिपक्यांचे दाणे हजारों वर्षें माणसांच्या हातांतून गेले. लोकांनीं ते पेरले, भाजले, दळले आणि शोभेसाठीं टांगले. त्यांवर लिहिलेली रोजनिशी वाचण्यासाठीं मात्र एका बाईला वर्षानुवर्षें प्रत्येक झाडाची ओळख ठेवून, प्रत्येक कणीस हातीं घेऊन, ‘हा दाणा इतरांसारखा कां नाहीं?’ असें विचारावें लागलें. हा प्रश्न विचारण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाहीं. वाडींत कणसें तयार होतील तेव्हां तीं भाजण्यापूर्वीं प्रत्येकानें एकदां साल बाजूला करून दाण्यांकडे नीट पाहावें.